किधर से किधर?

आमच्या ऑफिसने जागा बदलली, तेव्हा जुने मॉनिटर दीड हजाराला एक या भावाने आम्हालाच विकले. मला त्याची गरज होती. माझ्या लॅपटॉपने गेल्या पावसाळ्यात कपभर चहा पिऊन घेतला, तेव्हापासून त्याचा कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही मुके आहेत. बाहेरचा कीबोर्ड आणि बाहेरचा माऊस लावून तो चालतो. नुसत्या स्क्रीनपुरताच काय तो स्वतःच्या पायावर उभा होता, तीही कमाई आता काढून घेऊ म्हटलं.

मॉनिटर २४ इंची, पाठीवर ऑफिसच्या सामानाचा नंबर. केबल नव्हती. ॲडमिन म्हणालं स्टोअरमध्ये असेल, स्टोअर म्हणालं ॲडमिनकडे असेल. मी तो चादरीत गुंडाळला आणि अंधेरीहून गोरेगावपर्यंत मालडब्यातून आणला. शेजारी पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, "टीव्ही घेतलास काय रे?"

"नाही मावशी, मॉनिटर आहे."

"म्हणजे टीव्हीच की!"

पुढे जे झालं ते पाहता मावशींचं ऐकून टीव्हीच घ्यायला हवा होता.

घरी मॉनिटर गादीवर पालथा घातला आणि खालची भोकं तपासली. एक निळं, १५ पिनांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं. हे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेलं. दुसरं डिस्प्लेपोर्ट, म्हणजे एक कोपरा छाटलेली चपटी पट्टी. शिवाय चार यूएसबी आणि त्यांच्या शेजारी एक चौकोनी, निरुद्योगी भोक. लॅपटॉपला मात्र फक्त एचडीएमआय. म्हणजे एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी केबल पाहिजे. मोबाइलवर शोधली, साडेतीनशेला मिळाली, दुसऱ्या दिवशी दारात हजर. दोन्ही टोकं आपापल्या जागी अशी बसली की 'टक्' असा आवाज झाला. एवढं चपखल माझं आयुष्यात काही बसलेलं नाही.

मॉनिटर उजळला. काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट आली, 'नो सिग्नल', आणि ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत फिरायला लागली. रिकाम्या फ्लॅटमध्ये एजंट फिरतो तशी.

अप्पा खिडकीशी बसून हे पाहत होते. १९७२ च्या गांधीजयंतीला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हापासून पडद्यावर चित्र आणण्याच्या कामातले आमच्या घरचे अधिकारी तेच. माझं बालपण गच्चीवर अँटेनाची दांडी धरून उभं राहण्यात गेलं. खालून आवाज यायचा, "गेलं! आता आलं! हां, हलू नको!" आणि मी सबंध चित्रहार तसाच न हलता ऐकायचो.

"जरा डावीकडे फिरव," अप्पा म्हणाले.

"अप्पा, याला अँटेना नसते."

"फिरवून बघायला काय जातं?"

फिरवला. चौकट तरंगतच राहिली. केबल काढून पुन्हा लावावी म्हणून ओढली, तर केबलबरोबर मॉनिटरच गादीवरून माझ्या अंगावर आला. या डिस्प्लेपोर्टच्या पिनेला वरच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबलं की आतले दोन बारीक आकडे मिटतात आणि पीन सुटते. न दाबता ओढलं तर ती भिंतीसकट यायला तयार असते. हे मला अर्ध्या तासाने आणि करंगळीच्या नखाच्या मोबदल्यात कळलं.

शनिवारी स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण केबल घ्यायला जाणारा प्रत्येक जण अजून त्या १९०७ साली निघून गेलेल्या गव्हर्नरचंच नाव घेतो. एका जिन्याखालच्या दुकानात, जिथे दुकानदार बसला की गिऱ्हाइकाने रस्त्यावरच उभं राहायचं, तिथे केबल पुढे केली.

"भाईसाब, ये चलता नहीं है।"

पोराने ती हातातही घेतली नाही. टॅक्सीवाल्यासारखं विचारलं, "किधर से किधर?"

"मतलब?"

"सिग्नल किधर से किधर जाने का है?"

"लॅपटॉप से मॉनिटर।"

"लॅपटॉप में एचडीएमआय? फिर ये उलटा है। ये सिर्फ डिस्प्लेपोर्ट से एचडीएमआय जाता है। वापस नहीं आता।"

तार एकेरी असते हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. तार ती तार, इकडून घाला नाहीतर तिकडून! मी हिंदीत वाद घातला, माझ्या हिंदीत, म्हणजे "वो कैसे क्या शक्य है" वगैरे. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हां आई, जेवलो. बांगडा होता ना? हां, डबा धुतला."

फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दहा मिनिटं आम्ही दोघं हिंदीचा खून पाडत होतो. तो कुडाळचा, मी गोरेगावचा.

"आता मराठीतच सांगतो, काका," तो म्हणाला. "डिस्प्लेपोर्ट म्हणजे आपण दोघं. समोर एचडीएमआय दिसला की कॉम्प्युटरमधला डिस्प्लेपोर्ट लगेच त्याच्या भाषेत सुरू होतो. केबलला काही करावंच लागत नाही, म्हणून ती स्वस्त. पण एचडीएमआयला दुसरी भाषाच येत नाही. त्याला दुभाषी द्यावा लागतो."

एचडीएमआय २००२ सालचं, डिस्प्लेपोर्ट २००६ चं. मागून आलेल्याने आधीच्याची भाषा शिकून घेतली आणि आधीचा आपला ढिम्म. मुंबईत हे उलट घडतं, पण तो विषय वेगळा. दुभाषी अकराशेला मिळाला. मराठीत बोलल्यामुळे पन्नास रुपये सुटले.

घरी येऊन लावला आणि चित्र आलं! अप्पा म्हणाले, "हां, हलू नको!"

हलणं भाग होतं, कारण दुभाष्याला एक शेपूट निघालं. त्याला वीज लागते आणि ती यूएसबीतून. लॅपटॉपला यूएसबी दोनच, माऊस एक आणि कीबोर्ड एक. आता मॉनिटरखालच्या चार यूएसबी आठवल्या. त्या शोभेच्या नव्हत्या. शेजारच्या निरुद्योगी चौकोनातून लॅपटॉपला एक केबल जोडली की त्या जाग्या होतात. आणि तसलं चौकोनी तोंड असलेली केबल घरात एकच, प्रिंटरची.

जोडली. माऊस, कीबोर्ड मॉनिटरला आणि मॉनिटर लॅपटॉपला. दोन दिवस सुखात गेले.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. "बाबा, हॉल तिकीट प्रिंट करायचंय."

केबल प्रिंटरला लावली तर माऊस मरतो. माऊस मेला तर प्रिंटचं बटण दाबायचं कशाने? तशी केबल शंभरभर रुपयांत मिळते, पण लॅमिंग्टन रोड शनिवारशिवाय होत नाही आणि परीक्षा शुक्रवारी. शेवटी तिनेच युक्ती काढली. बटण आधी दाबून ठेवायचं, काम रांगेत थांबतं.

ती ओरडली, "दाबलं!" मी टेबलाखालून चौकोनी पीन उपसली, चादरीवरून सरपटत प्रिंटरपाशी गेलो आणि खुपसली. प्रिंटर खाकरला.

खिडकीतून अप्पांनी विचारलं, "आलं का रे?"