'पुण्यात बसून' या दोन शब्दांविषयी

महोदय,

भिवंडीच्या मोहल्ला समित्यांवरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे गल्लोगल्लीच्या हिंदू-मुस्लिम रहिवाशांना एकत्र बसवले आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, असे मी लिहिले होते. आपल्या मते ती शांतता सलोख्याची नसून पोलिसी धाकाची होती, अधिकारी बदलून गेल्यावर समित्या विरल्या, आणि 'पुण्यात बसून भाईचाऱ्याचे डोस पाजणे सोपे असते'.

एक चूक प्रथम मान्य करतो. न्यायमूर्ती मादन आयोग १९७० च्या भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींसाठी नेमला होता. मी तो १९८४ च्या दंगलीला जोडला. लेखात दुरुस्ती केली आहे. ती सुचवताना तीन उद्गारचिन्हांची गरज नव्हती, पण असो.

आता 'पुण्यात बसून'. मी पुण्यात राहायला आलो तो नोकरीसाठी, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्याआधी माझे वडील भिवंडीत सहा यंत्रमागांचा कारखाना चालवत होते. आम्हाला बीम, म्हणजे मागावर चढवायचे सुताचे रूळ, देणारे शेठ मुसलमान, माग चालवणारे कामगार काही तेलुगू तर काही उत्तर प्रदेशातले अन्सारी, आणि कापड उचलणारा व्यापारी मारवाडी. मे १९८४ मध्ये मी दहा वर्षांचा होतो. कारखान्याचे शटर कित्येक दिवस उघडले नाही आणि रात्री गच्चीवरून धूर कोणत्या बाजूला आहे, एवढेच मोठी माणसे पाहत होती. अहोरात्र खडखडणारे गाव गप्प झाले की कान कसे बधिरतात, हे मला पुस्तकातून कळलेले नाही. पुढे वडील मोहल्ला समितीत गेले. बैठकीहून परतले की त्यांची कुरकुर असे, की सगळी संध्याकाळ तुंबलेल्या गटारात आणि मिरवणुकीच्या वेळेत गेली. हवालदार तिथे खुर्ची टाकून बसलेला असे, हे खरे आहे. परंतु गटाराविषयी भांडायला कोणी हवालदाराच्या धाकाने जात नाही, आणि डिसेंबरातल्या त्या रात्री अफवा उठली तेव्हा वडिलांनी ज्यांना फोन केला ते गृहस्थ त्यांना याच भांडणांतून ठाऊक झालेले होते. हे सारे ज्याने घरात पाहिले त्याला 'डोस पाजणारा' म्हणण्यापूर्वी आपण निदान विचारायला हवे होते. आपण स्वतः कोठे बसून लिहिता, हे मात्र आपल्या प्रतिक्रियेत कोठेही नाही.

समित्या पुढे विरल्या आणि २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत पुन्हा रक्त सांडले, हे मला ठाऊक आहे. पथ्य सोडल्यावर दुखणे उलटले तर दोष पथ्याचा कसा, एवढेच विचारतो. त्याहून अधिक विस्तार इथे करत नाही. 'दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसताना सारख्या खुर्च्या मांडणे हाच अन्याय' हे आपले वाक्य ऐकायला बरे आहे, परंतु माझा लेख त्या विषयावर नव्हता.

यापुढे लिहाल तेव्हा 'अहो पुरोगामी' असे न संबोधता माझे नाव लिहावे. ते लेखाच्या वर ठळक अक्षरांत छापलेले आहे.