अडीचपट वेळ जातो कुठे

सॉफ्टवेअर टीम्सवरचा तुमचा लेख मस्त आहे, पण त्यात जेम्स हर्ब्सलेब या सॉफ्टवेअर संशोधकाला ‘टीमवर्कवाले प्रोफेसर’ म्हणून दोन ओळीत गुंडाळलंत ते काही पटलं नाही. माणूस मुळात मानसशास्त्रातला पीएचडी, मग कॉम्प्युटरकडे वळला, म्हणूनच त्याला कोडच्या आधी कोड लिहिणारी माणसं दिसली असावीत. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना ऑड्रिस मॉकस वगैरे सहकाऱ्यांबरोबर सॉफ्टवेअरच्या कामाच्या नोंदी खणून काढल्या (2001 चा पेपर) आणि निघालं काय, तर तसंच काम वेगवेगळ्या ठिकाणच्या ऑफिसांत वाटलं की साधारण अडीचपट वेळ लागतो. बरं दोष नुसत्या अंतराचा नाही, काम वाटलं की त्यात जास्त माणसं लागतात, तिथेच घोडं पेंड खातं. हिंजवडीत बसून रात्री अमेरिकेचे कॉल घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, शेजारच्या डेस्कवर सहज विचारला असता तो प्रश्न मेलमध्ये टाका, उत्तर उद्या, त्यावर आपली शंका परवा, तोवर स्प्रिंट (कामाचा ठरलेला छोटा टप्पा) संपलेला.

पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्सेलो कॅटाल्डो वगैरे संशोधकांबरोबर 2006 साली केलेलं काम तर लेखात हवंच होतं. कोडच्या हिशोबाने कोणी कोणाशी बोलायला हवं आणि प्रत्यक्षात कोण कोणाशी बोलतं, हे जुळलं तर कामं लवकर उरकतात. मेल्विन कॉनवे या प्रोग्रामरने 1968 मध्येच या अंगाने म्हटलं होतं, की सिस्टिमची रचना ती बनवणाऱ्यांच्या आपसातल्या संवादासारखीच होते; यांनी ते आकड्यात बसवलं. आमच्याकडे उपाय म्हणून अजून एक स्टेटस मीटिंग लावतात, ज्यात नेमके ज्यांनी एकमेकांशी बोलायला हवं ते दोघेच नसतात 😄

अपाचे आणि मोझिला या ओपन सोर्स (सगळ्यांना कोड खुला असलेल्या) सॉफ्टवेअर प्रकल्पांवरच्या हर्ब्सलेब आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासावर वेगळा लेख येऊ द्या.