जॅझची बैठक हमखास कशी उधळावी

सांगलीत जॅझ ऐकणारे किती, असं पुण्याचे पाहुणे विचारतात तेव्हा आम्ही मोघम हसतो. विश्रामबागेतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये सगळे मावतात आणि सोफ्यावर जागा उरते, हे खरं उत्तर. पण एवढ्याशा मंडळींनाही एक अख्खी संध्याकाळ मातीत घालता येते, हे गेल्या रविवारी पाहून आलो. ज्यांना अजून हे साधलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

कुणी रेकॉर्ड लावायला उठला रे उठला की विचारा, "प्रेसिंग कुठलं?" म्हणजे ही तबकडी कुठल्या छापाची, कधीची. उत्तर काहीही येवो, तुम्ही "अरेरे" म्हणा. समोर ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' असेल तर तुमचं नशीबच फळफळलं. १९५९ च्या मार्चमधल्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या सत्रात टेपयंत्र किंचित हळू फिरलं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा कित्येक वर्षं जराशा चढ्या सुरात वाजत राहिल्या, ती चूक १९९२ साली दुरुस्त झाली, हे सगळं सुई टेकायच्या आत सांगून झालं पाहिजे. मग "ही जुनी की दुरुस्त केलेली?" यावर अर्धा तास. तरी वेळ उरलाच तर त्यातलं 'ब्लू इन ग्रीन' माइल्सनं रचलेलं की त्याच्या पियानोवाल्या बिल इव्हान्सनं, हे काढा. तो वाद कधीच मिटत नाही, म्हणून तो हाताशी ठेवायचा. मात्र सुरातला तो फरक तुम्हाला कानानं कळतो का, असं कुणी विचारलं तर ताबडतोब चहाचं बघायला उठा.

फोनवर जॅझ ऐकणाऱ्याला माणसात धरू नये.

"स्टुडिओत जीव नसतो, लाइव्हच ऐकावं" हे पाठ करून ठेवा आणि दाखला म्हणून बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनची न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातली १९५६ ची एलपी पुढे करा. पॉल गोन्साल्विसचे ते सलग २७ कोरस, म्हणजे एकाच चालीची २७ आवर्तनं! त्या एलपीचा बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवल्या होत्या, आणि गोन्साल्विस भलत्याच माइकसमोर वाजवत राहिल्यामुळे त्याचा सॅक्सोफोन लांबून आल्यासारखा येतो, ही माहिती मंडळात पसरू देऊ नका. पसरलीच तर "भावना महत्त्वाची" म्हणून मोकळे व्हा.

२०१९ च्या पुरात भिजलेली कव्हरं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती कधीही बदलू नयेत. वादात हरायला लागलं की ते फुगलेलं पुठ्ठ्याचं कव्हर सगळ्यांपुढे धरायचं. पुढे कोण बोलणार?

मिरज जवळ आहे, त्याचाही फायदा घ्यावा. कुठलाही सोलो ऐन भरात आला की कानाची पाळी धरून म्हणा, "हे आमच्या खाँसाहेबांनी कधीच करून ठेवलंय." आता, ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगचं १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी तबकडी लागोपाठ ऐकण्यासारखी आहेच. दोघांच्या वाट्याला तबकडीच्या एका बाजूची तीनेक मिनिटंच यायची. तेवढ्यात काय मांडायचं आणि काय सोडून द्यायचं, हे दोघांनी आपापल्या परीनं कसं सोडवलंय ते ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्यासाठी दोन्ही ऐकाव्या लागतात, आणि ते आपलं काम नव्हे. आपण नुसतं नाव घ्यायचं.

आता खरी विद्या. बोलणं. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं हे तर सगळ्यांनाच जमतं, पण कुठे बोलायचं याला नेम लागतो. ड्रम्सच्या दणदणाटात कुणीही बोलेल. बेस, म्हणजे ते उभं, खर्जातलं तंतुवाद्य, एकटा उरला की तोंड उघडायचं. परवा मी 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' घेऊन गेलो होतो. न्यूयॉर्कमधला तळघरातला क्लब, २५ जून १९६१, पियानोवर बिल इव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन आणि बेसवर स्कॉट लाफारो. लाफारो होता २५ वर्षांचा. पुढच्या अकरा दिवसांत, ६ जुलैला, तो मोटार अपघातात गेला. बेसनं मागं उभं राहून ठेका धरावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हा पोरगा ऐकावा. तो पियानोच्या मागून चालतच नाही. त्याला अडवतो, उलटून विचारतो, मध्येच गप्प होतो. एलपीच्या शेवटी 'जेड व्हिजन्स' आहे, ती रचनाही त्याचीच. चारेक मिनिटांचा तुकडा. हे सगळं मी आधी सांगितलं, माना डोलल्या, तुकडा सुरू झाला, आणि एकजण म्हणाला, "काल हळदीला दर काय निघाला हो?" दुसऱ्याला भडंगात कांदा कमी वाटला. तिसऱ्यानं नातवाचा व्हिडिओ आवाजासकट शेजाऱ्याला दाखवला. मी म्हटलं, "अहो, जरा..." तर यजमान काय म्हणाले? "त्या रेकॉर्डमध्ये पण लोक बोलायलेत की! ग्लास वाजायलेत बघा." वाजतात! मलाही ऐकू येतात! पण हा माणूस अकरा दिवसांत जाणार आहे, हे त्या लोकांना माहीत नव्हतं हो. तुम्हाला मी पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं! त्यावर वर आणखी, "दुसरं काहीतरी लावा, झोप यायलीय."

बरं. नवखा माणूस आला तर त्याला कसं पळवायचं, ही शेवटची सूचना.

मिरजेत तबला शिकणारा एक मुलगा परवा पहिल्यांदाच आला होता. आवडतं काय, विचारलं तर म्हणाला, डेव्ह ब्रूबेकच्या चमूचं 'टेक फाइव्ह'. झाला हशा. "बाळा, ते हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतंय." तो बिचारा तरी सांगत होता, "काका, झपतालात दोन-तीन, दोन-तीन जातं ना, हे तीन-दोन, तीन-दोन चाललंय." ऐकतोय कोण! रचना ब्रूबेकची की त्याच्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची, यावर त्याची तोंडी परीक्षा सुरू झाली होती. अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

मार्गदर्शन वगैरे पुरे झालं. अहो, त्या हॉलमध्ये त्या दिवशी संगीताविषयी एकच माणूस बोलला, आणि त्यालाच तुम्ही हाकललंत. ज्या ब्रूबेकच्या नावावर हसलात, त्यानं १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांचं वजन ऐकलं आणि त्यातून 'टेक फाइव्ह'च्याच एलपीतलं 'ब्लू रोंडो' केलं. रस्त्यावर थांबून मात्रा मोजणाऱ्या माणसाची रेकॉर्ड, आणि तुमच्यासमोर बसून मात्रा मोजणारा पोरगा तुम्हाला पोरकट वाटला? तुमच्यातल्या किती जणांनी 'टेक फाइव्ह' शेवटचं पूर्ण ऐकलंय? सालं, कॅटलॉग नंबर तोंडपाठ आणि सम कुठे येते याचा पत्ता नाही! पन्नाशी उलटलेली माणसं आहात, शोभतं का हे? त्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. फोन करा, सरळ माफी मागा आणि पुढच्या रविवारी त्याला बोलवा. रेकॉर्ड त्याला निवडू द्या आणि ती संपेपर्यंत गप्प बसा. नसेल जमत तर माझी एलपी तुमच्याच शेल्फवर राहिलीय, ती तेवढी परत द्या.