शंकासुरासाठी समजुतीचे चार शब्द

सिनेमा लागला की तुमच्या जिभेला खाज सुटते, हे आता घरात कुणापासून लपलेलं नाही. ‘पण त्याला कसं कळलं?’ ‘याने फोन का नाही केला?’ ‘मघाशी डाव्या हाताला पट्टी होती ना?’ दशावतारातला संकासुर परवडला. तो बिचारा सुरुवातीलाच येतो, चार विनोद करतो, विष्णूच्या हातून मरतो आणि पुढचं नाटक लोकांना सुखाने बघू देतो. तुम्ही शेवटची नामावली सरकून जाईपर्यंत मरत नाही.

तेव्हा आज तुमच्यावर उपचार करू. औषध जालीम निवडलंय: वॉल्टर हिल यांचा १९७९ सालचा ‘द वॉरियर्स’. न्यूयॉर्कच्या टोळ्या, एका रात्रीची गोष्ट, दीड तासात खेळ खलास. एकही प्रश्न न विचारता हा सिनेमा पाहून झाला तर समजा तुम्ही बरे झालात. मग सोसायटीची वार्षिक सभासुद्धा तुम्हाला शांतपणे सोसेल.

गोष्ट एवढीशी. सायरस हा शहरातल्या सगळ्यात मोठ्या टोळीचा, रिफ्सचा म्होरक्या. तो ब्रॉन्क्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कात मध्यरात्री सभा बोलावतो. प्रत्येक टोळीने नऊ जण पाठवायचे, तेही हत्याराशिवाय. कोनी आयलंडचे वॉरियर्सही नऊ जण जातात. भाषण रंगात आलेलं असताना सायरसला गोळी लागते. गोळी घालणारा ल्यूथर वॉरियर्सकडे बोट दाखवून ‘यांनीच मारलं’ म्हणून बोंब ठोकतो. मग शहराच्या उत्तर टोकापासून दक्षिणेच्या समुद्रापर्यंत, रात्रभर, सगळ्या टोळ्यांना चुकवत वॉरियर्सनी घर गाठायचं.

झाला तुमचा हात वर. खाली घ्या.

हत्यार आणायचं नाही असं ठरलं होतं तर पिस्तूल आत आलं कसं, हेच ना? रिफ्स म्हणजे कवायतीच्या शिस्तीची, कराटे शिकलेली फौज. पण आल्यागेल्याचे खिसे चाचपायला त्यांच्यात एक माणूस नाही. आपल्याकडे थिएटरच्या दारात पर्समधला चिवड्याचा पुडा शोधून काढतात. तिथे शहरभरचे गुंड जमणार आणि सगळं विश्वासावर. तुम्ही याला ढिलाई म्हणता. मी याला संस्कार म्हणतो. आमंत्रण देऊन बोलावलेल्या पाहुण्याचे खिसे तपासायचे नसतात, आणि असं वागणाऱ्या यजमानाचं काय होतं ते पुढच्याच दृश्यात दिसतं.

सायरसच्या भाषणातल्या आकड्यांवरही तुमचा डोळा असणार. तो सांगतो: टोळ्यांचे पक्के सभासद वीस हजार, जोडलेले धरून चाळीस, आणि मोकाट पण लढायला तयार असे आणखी वीस, एकूण ६०,०००. पोलीस फक्त २०,०००. शहर आपलंच! तुम्ही लगेच म्हणणार की सभेतला आकडा आहे, दोनाने भागून घ्यावा. इथे मात्र तुम्ही फसलात. १९७५ साली न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं, हजारो पोलिसांना घरी बसवलं होतं, आणि त्या दशकाच्या अखेरीस पोलीसदल सायरसच्या आकड्यापासून फार लांब नव्हतं. म्हणजे अख्ख्या सिनेमात जी थाप वाटते तीच नेमकी खरी. शंका घेणाऱ्याची अशी जिरते.

पण तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलाच आहात, तर पुढचा भागाकारही होऊन जाऊ द्या. सभेला शंभर टोळ्या आल्या आहेत आणि आणखी शंभरावर बाहेर आहेत, असं सायरसच सांगतो. वीस हजार भागिले दोनशे म्हणजे टोळीमागे सरासरी शंभर डोकी. वॉरियर्सचे नऊ सभेला गेले. उरलेले नव्वद कुठे आहेत? रात्रभर शहरात आपल्या माणसांची शिकार चाललीय, वाटेत जागोजागी टेलिफोनचे डबे आहेत, पण ‘अरे, चार पोरं घेऊन या’ असं घरी कळवावं हे कुणाला सुचत नाही. पहाटे उरलेसुरले कोनी आयलंडला उतरतात तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. हा प्रश्न तुम्हाला पडला याचा अर्थ तुम्ही कधी सार्वजनिक गणेशोत्सवात काम केलेलं नाही. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर कार्यकर्ते शंभर असतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडप उतरवायला नऊ येतात, आणि त्यातल्या तिघांचं काहीतरी होतं.

आता बंडीकडे येऊ, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलाय. वॉरियर्सच्या अंगात तपकिरी चामड्याची बिनबाह्यांची बंडी आहे. पाठीवर टोळीचं नाव, हे एवढं मोठं. शहरातला प्रत्येक गुंड याच नावाच्या मागावर आहे. तुम्ही गादीवरून अर्धे उठून ओरडता, ‘अरे गाढवांनो, ती बंडी काढा!’ बरोबर आहे तुमचं. बंडी काढली की उरतात आठ साधी पोरं (नववा, म्होरक्या क्लिऑन, सभेतच सापडलाय). त्या काळी सबवेचं टोकन पन्नास सेंटला होतं, अंतर कितीही असो. आठ जणांचे चार डॉलर. बंड्यांची गुंडाळी काखेत मारून गाडीत डुलक्या काढत पहाटे घरी. सिनेमाची एकूण अडचण चार डॉलरची आहे.

गंमत म्हणजे सिनेमालाही हे ठाऊक आहे. वाटेत ऑर्फन्स नावाची एक फाटकी टोळी लागते, इतकी फाटकी की सायरसने त्यांना सभेचं आमंत्रणही दिलेलं नाही. त्यांची अट एवढीच: बंड्या काढा, साध्या माणसांसारखे आमच्या गल्लीतून चालत जा, आम्ही बघितलं न बघितलं करू. इतकी स्वस्त तडजोड जगाच्या इतिहासात कुणाला मिळाली नसेल. वॉरियर्स नाही म्हणतात आणि पेट्रोलबॉम्ब टाकून पुढे जातात.

यावर तुम्ही हसू नका, निदान आपल्या गावात बसून तरी हसू नका. गाडीला एक्केचाळीस-एक्केचाळीस नंबर मिळावा म्हणून जादा पैसे मोजायचे, तो इंग्रजी आकडा ‘दादा’ वाचता येईल असा वळवून रंगवायचा, आणि मग चौकात हवालदाराने नेमकी आपलीच गाडी अडवली की व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडायची, हे आपण रोज बघतो. पाटीवर नुसता नंबर लिहायला खर्च कमी येतो. कुणी लिहितं का? बंडीची गोष्ट म्हणजे कथेला पडलेलं भोक नव्हेच. त्या पोरांकडे अंगावरच्या त्या एका नावापलीकडे दुसरं काही नाही. (हे वाक्य जरा गंभीर झालं. माफ करा, उपचार चालू आहेत.)

बाकी प्रश्न किरकोळ आहेत, ते चुरमुऱ्यासारखे तोंडात टाकून संपवू. रेडिओवर एक निवेदिका, जिचे फक्त ओठ दिसतात, सगळ्या टोळ्यांना वॉरियर्सचा ठावठिकाणा आणि खबरबात जाहीरपणे सांगत असते. हे पोलिसांच्या कानी कसं पडत नाही? पोलीस भक्तिसंगीत लावत असतील. शहरभर बोभाटा झाला तरी आपल्यावर नेमका काय आळ आलाय हे वॉरियर्सनाच कसं कळत नाही? ज्याचं लफडं त्यालाच शेवटी कळतं, हा नियम वाड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा. बेसबॉल फ्युरीज नावाची टोळी पट्ट्यापट्ट्यांचा गणवेश घालून, तोंडं रंगवून, बॅटी घेऊन रिव्हरसाइड पार्कात भर रात्री पाठलाग करते. ती तोंडं कुणी रंगवली, किती वेळ लागला, घामाने रंग ओघळत कसा नाही? आमच्या हौशी रंगभूमीवर दुसऱ्या अंकात मिशी गळून पडते, तेव्हा हा प्रश्न खरा रंगभूषाकाराने विचारायचा आहे. युनियन स्क्वेअरच्या भुयारी स्थानकात पंक्सचा म्होरक्या पायाला चाकं लावून फिरतो. भुयारी स्थानक म्हणजे पायऱ्या आल्या. पायऱ्यांचा विचार मनात आला की उठून पाणी पिऊन यावं.

आणि हो, गाड्या रात्रभर चालतात यावर शंका नको. न्यूयॉर्कची सबवे तेव्हाही चोवीस तास चालायची. मुंबईत ही कथा उभीच राहिली नसती. शेवटची लोकल गेल्यावर मारणारे आणि पळणारे एकाच फलाटावर पेपर अंथरून पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट बघत आडवे झाले असते.

नेमबाजीबद्दल मात्र मी तुम्हाला एकदाच, हळू आवाजात, बोलू देतो. ल्यूथर भर गर्दीतून, रात्रीच्या अंधारात, मंचावरच्या माणसाला टिपतो. लिझीज नावाच्या पोरी बंद खोलीत हाताच्या अंतरावरून गोळ्या झाडतात आणि तिन्ही पाहुणे जिवंत बाहेर पडतात. शेवटी तोच ल्यूथर, तेच सत्कर्म करायला, पहाटेच्या उजेडात चार पावलांवर पिस्तूल घेऊन उभा राहतो, आणि समोरचा वॉरियर्सचा स्वान चाकू फेकून त्याचा हात जायबंदी करतो. बोललात? झालं समाधान? बसा.

वॉरियर्सचा म्होरक्या क्लिऑन सभेतच रिफ्सच्या तावडीत सापडतो, त्याच्यावर झुंड तुटून पडते, आणि तिथून तो सिनेमातून गायब. मेला की जगला, कुणी सांगत नाही. आपल्याकडे अशा वेळी ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ म्हणायची पद्धत आहे. हिलसाहेबांनी दोन्ही केलं नाही.

फॉक्सचं मात्र कोडं सुटतं, फक्त पडद्यामागे जावं लागतं. वॉरियर्सपैकी हा चुणचुणीत पोरगा पोलिसाशी झटापट करताना रुळांवर पडून गाडीखाली जातो. अर्ध्या सिनेमात, एकाएकी. तुम्ही म्हणणार, एवढं तयार केलेलं पात्र असं फुकट का घालवलं? तर थॉमस वेट्स या नटाचं आणि दिग्दर्शकाचं बिनसलं. म्हणून पात्राला गाडीखाली ढकललं, नामावलीत त्याचं नावही आलं नाही, आणि वाटेत भेटलेल्या मर्सी या पोरीबरोबरचं त्याच्या वाट्याचं प्रेमप्रकरण स्वानच्या खात्यावर वळतं झालं. तेव्हा यापुढे पात्र अवेळी मेलं तर ‘का मेलं?’ असं विचारू नका. ‘काल सेटवर काय झालं?’ असं विचारा.

पाहुण्यांसमोर कोंडीत सापडलात तर एक ब्रह्मास्त्र देऊन ठेवतो: प्राचीन ग्रीक लेखक झेनोफन. सिनेमा सोल युरिक यांच्या १९६५ च्या कादंबरीवर बेतलाय आणि कादंबरीची बीजं झेनोफनच्या ग्रंथात आहेत. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये सायरस नावाचा इराणी राजपुत्र भावाचं राज्य घ्यायला निघाला, बॅबिलोनजवळ लढाईत पडला, आणि त्याच्या पदरचे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक शत्रूच्या मुलखातून मार खात, मार देत काळ्या समुद्राकडे परत निघाले. हे सांगितलं की बंडी, चाकं, रेडिओ, सगळ्यावर पांघरूण पडतं. समोरचा म्हणतो, ‘अच्छा, म्हणजे हे प्रतीकात्मक आहे!’ प्रतीकात्मक म्हटल्यावर पायऱ्या कशा चढला हे विचारायचं नसतं. खुद्द हिलना सुरुवातीला ‘भविष्यात कधीतरी’ अशी पाटी लावायची होती, स्टुडिओने नकार दिला. २००५ मध्ये त्यांनी आपली आवृत्ती काढली, तिच्यात चित्रकथेच्या चौकटी घातल्या. चौकटींनी भोकं बुजली नाहीत, पण भोकांना महिरप आली.

एकच खबरदारी घ्या. पाहुण्याने झेनोफन खरोखर वाचलेला नसावा. कारण तो म्हातारा तुमच्याच जातकुळीचा. आज किती मुक्काम, किती परसंग (हे जुनं इराणी अंतराचं माप) चाल झाली, सगळं मांडून ठेवतो. बोलणी करायला गेलेल्या सेनापती क्लिआर्कसला दग्याने पकडलं आणि पुढे मारलं, हेही सांगून मोकळा होतो. चोवीसशे वर्षांपूर्वी बोरूने लिहिणाऱ्याला म्होरक्याचा हिशेब देता आला, आणि इकडे क्लिऑन अजून व्हॅन कोर्टलँड पार्कातच.

शेवटी किनाऱ्यावर ल्यूथरला कुणीतरी विचारतंच की बाबा, तू सायरसला मारलंस तरी का? तो म्हणतो, काही कारण नाही, मला अशा गोष्टी करायला आवडतात. वहीत लिहून ठेवा हे उत्तर. लेखकाने स्वतःच हात वर केल्यावर तुम्ही कोण कारण शोधणारे?

मी स्वतः या उपचारातून गेलोय. हा सिनेमा मी कितीदा पाहिला ते सांगत नाही, पण आता मी एक शब्दही बोलत नाही. नव्वद जण कुठे होते, विचारत नाही. क्लिऑनचं नाव काढत नाही. मध्ये एका दृश्यात ल्यूथर दुकानातल्या फोनवरून कुणाला तरी रात्रीची हकिकत कळवतो. पलीकडे कोण आहे, ते सिनेमा संपेपर्यंत कळत नाही. तेव्हाही मी शांत असतो. फक्त तेवढ्यापुरता आवाज थोडा मोठा करतो, आणि पंखा बंद करायला सांगतो.