"शनिवार-रविवारी व्हीएमवेअर सोडा" म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय. विषय आहे व्हीएमवेअर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनं (आभासी संगणक) चालवणारं सॉफ्टवेअर. संदेश म्हणतो: त्याची मालक कंपनी ब्रॉडकॉमने दर वाढवले, एवढ्याच कारणाने कंपन्या व्हीएमवेअर सोडताहेत; त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, प्रॉक्समॉक्स, फुकट आहे; सगळे सर्व्हर एका शनिवार-रविवारी हलवता येतात; आणि ज्यांच्याकडे जुनं कायमचं लायसन्स आहे त्यांनी सपोर्टवर पैसे न घालवता आहे तसं चालू ठेवावं. माझा आतेभाऊ एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळतो. त्याला हा संदेश थेट संचालकांकडून आला, खाली "आपण का करत नाही?" असं विचारून. त्याने तो मला पाठवला आणि माझं डोकं फिरलं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरा धोका तिथे आहे. लायसन्स कायमचं, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायचा हक्क कायमचा. त्यातल्या त्रुटी दुरुस्त करून मिळणं हे सपोर्टच्या कराराबरोबर येतं आणि त्याच्याबरोबरच जातं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने) जगभरातले हजारो ईएसएक्सआय सर्व्हर, म्हणजे व्हीएमवेअरचं मूळ सॉफ्टवेअर चालवणारे सर्व्हर, निकामी केले. फ्रान्सच्या सर्ट-एफआर या सरकारी सायबरसुरक्षा पथकाने ज्या दोषाकडे बोट दाखवलं, त्याचा पॅच (दुरुस्ती) फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. दोन वर्षं तो न लावता चाललेले सर्व्हर त्यात सापडले. आणि इथे एक होस्ट, म्हणजे मूळ सर्व्हर, गेला की त्यावरची सगळी व्हर्च्युअल मशिनं एकदम जातात. बँकेत हे कुणाला परवडणार आहे?

अतिगंभीर दोषांचे पॅच सपोर्ट संपलेल्यांनाही देऊ, असं ब्रॉडकॉमने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं होतं, हे मान्य. पण तेही ज्या आवृत्त्या अजून सपोर्टमध्ये आहेत त्यांच्यापुरतंच. व्हीस्फिअर ७ (ईएसएक्सआय ज्यात येतं तो व्हीएमवेअरचा संच) याचा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आतेभावाकडे तीच आवृत्ती आहे.

"आहे तसं चालू ठेवा" हे इतकं सोपं असतं तर अमेरिकेतली बडी टेलिफोन कंपनी एटी अँड टी कोर्टात गेली नसती. त्यांच्याकडेही कायमची लायसन्सं होती. सुमारे ८,६०० सर्व्हर, त्यांवर ७५,००० च्या आसपास व्हर्च्युअल मशिनं. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ ला व्हीएमवेअर ताब्यात घेतली, डिसेंबरमध्ये कायमच्या लायसन्सची विक्री बंद केली आणि सगळं वर्गणीच्या गठ्ठ्यांत बांधलं. करारानुसार सपोर्ट वाढवून मिळण्याचा आपला हक्क आहे, तरी नवे गठ्ठे घेतल्याशिवाय ब्रॉडकॉम तो देत नाही, अशी एटी अँड टीची तक्रार होती. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि नोव्हेंबरमध्ये तो आपसांत मिटला. इतकी मोठी कंपनी सपोर्टशिवाय राहायला तयार नव्हती, आणि एका जिल्ह्यातल्या बँकेने राहावं म्हणे.

त्याच दाव्याच्या कागदपत्रांत एटी अँड टीचा एक ईमेल आहे. एका वर्षात १,०५० टक्के दरवाढ मागितली जातेय, असं त्यात म्हटलंय. म्हणजे दराचा मुद्दा खोटा नाही, तेवढं संदेशाच्या पदरात घालतो. पण त्याच ईमेलमध्ये दुसरीकडे जाण्याचा अंदाजे खर्च दिलाय: ४ ते ५ कोटी डॉलर. हा खर्च लवकर वसूल होईल असंही त्यात म्हटलंय, तरी आधी तो करावा लागतो. "फुकट" या शब्दाचं उत्तर यात आलं. प्रॉक्समॉक्स डाउनलोड करायला खरंच पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते माणसांना, नव्या बॅकअपला, चाचण्यांना आणि रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या सपोर्टला.

शनिवार-रविवारचं म्हणाल, तर ईएसएक्सआयवरून मशीन ओढून घ्यायची सोय प्रॉक्समॉक्समध्ये २०२४ पासून आहे आणि ती चांगली चालते. पण मशीन ओढलं म्हणजे काम झालं असं नाही. विंडोजमध्ये व्हर्टआयओचे (प्रॉक्समॉक्सच्या आभासी डिस्क-नेटवर्कचे) ड्रायव्हर आधी घातले नसतील तर मशीन बूट होताना निळ्या स्क्रीनवर अडकू शकतं. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ चं ईएनएस१८ होतं आणि आयपी पत्ता हरवतो. व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे कप्पे), डीआर साइटची (आपत्तीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या जागेची) रेप्लिकेशन, बॅकअपची वेळापत्रकं हे सगळं नव्याने मांडावं लागतं. शिवाय कोअर बँकिंगचा, म्हणजे खाती-व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विक्रेता नव्या हायपरव्हायझरवर (व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सपोर्ट देणार का, हे त्याच्याकडून लेखी घ्यावं लागतं. त्या एका पत्रालाच महिना लागू शकतो.

राहिलं "एवढ्याच कारणाने". रेड हॅट व्हर्च्युअलायझेशन हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी काय दरवाढीमुळे जागा बदलली? रेड हॅटने ते उत्पादनच गुंडाळलं, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा मेंटेनन्स सपोर्ट संपला. कुणाला कंटेनर (एकेक प्रोग्रॅम चालवायचे हलके कप्पे) आणि व्हर्च्युअल मशिनं एकाच जागी हवी असतात. एटी अँड टीच्या भांडणातही दराइतकाच मुद्दा होता तो करार ऐन वेळी बदलण्याचा. पुढच्या नूतनीकरणाला समोरचा काय मागेल हे सांगता येईनासं झालं की कंपनी दुसरी जागा शोधू लागते.

आतेभावाला सांगितलंय, संचालकांपुढे तीन कागद ठेव: सपोर्ट कधी संपला त्याची तारीख, कोअर बँकिंगवाल्याचं पत्र, आणि दोन बिनमहत्त्वाची मशिनं हलवून, मुद्दाम पाडून, बॅकअपमधून परत उभी करायला किती वेळ लागला त्याची नोंद. शनिवार-रविवारी एवढंच होण्यासारखं आहे.