सतरा रुपये सत्तर पैसे

"ही सतरा सत्तर कोण?"

रविवारी सकाळी अर्ध्या गालाला साबण लावलेला असताना बायकोने बाथरूमच्या दारात उभं राहून हे विचारलं. हातात माझ्या बँक स्टेटमेंटचे कागद. रिटर्न भरायचं म्हणून तिनेच ते काढून आणले होते.

"दर तीन महिन्यांनी हिला पैसे जातात. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. एकदाही खाडा नाही. माझ्या वाढदिवसाची आठवण मात्र मीच करून द्यायची."

चष्मा लावून पाहिलं. खरोखरच १७ रुपये ७० पैसे. खात्यात काही हाललं की बँक मला एसएमएस पाठवते, त्याचे तिमाहीचे १५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ रुपये ७० पैसे. आणि हे पैसे कापल्याचा निरोपही एसएमएसनेच आला होता. पोस्टमनने घाईघाईने तार आणून द्यावी आणि आत लिहिलेलं असावं, 'तुमच्या खिशातून माझा पगार घेतला आहे,' तसं.

"वर्षाचे सत्तर रुपये ऐंशी पैसे. एवढ्याशाचं काय घेऊन बसलीस?" मी म्हणालो. कोथिंबिरीची काडी वर घातली नाही म्हणून भाजीवाला बदलणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं, याचं मलाच नंतर नवल वाटलं.

"एका खात्याचे," ती म्हणाली. "तुझी खाती किती?"

मी मुकाट्याने साबण धुतला.

पाच. पहिलं वडिलांनी दहावीनंतर काढून दिलेलं, लक्ष्मी रोडजवळच्या एका सहकारी बँकेत. दुसरं पहिल्या नोकरीच्या पगाराचं. तिसरं दुसऱ्या नोकरीचं, हिंजवडीतलं. चौथं गृहकर्ज घेताना 'काढावंच लागतं साहेब' असं ऐकून काढलेलं. आणि पाचवं एका मॉलमध्ये सरकत्या जिन्याखाली उभ्या असलेल्या मुलाने क्रेडिट कार्डासोबत ट्रॉलीबॅग फुकट दिली म्हणून. बॅगेचं चाक अष्टविनायकातल्या दुसऱ्याच गणपतीला निखळलं. खातं आणि कार्ड टिकून आहेत.

बँका कशा चालवाव्यात हे शिकवणारी राष्ट्रीय संस्था आपल्या कोंढव्यात आहे. रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालयही पुण्यातच, विद्यापीठ रस्त्यावर. पण खातं कसं चालवावं हे शिकवणारी सोय एकच, ती म्हणजे सदाशिव पेठेतले आमचे मामा. अडतीस वर्षं बँकेत काढून निवृत्त झाले, पण कानामागची पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. मी पाचही खात्यांचे कागद घेऊन त्यांच्यापुढे बसलो. मामींनी चहा ठेवला. तो निवेपर्यंत मामा काहीच बोलले नाहीत. फक्त पेन्सिलीने गोल करत होते.

"या हिंजवडीच्या खात्याला दर महिन्याला दंड पडतोय."

"शक्यच नाही. ते झिरो बॅलन्स आहे."

"होतं. पगार येत होता तोवर होतं. तू नोकरी सोडलीस, पगार थांबला, की काही महिन्यांनी त्याचं साधं बचत खातं होतं. आता दहा हजारांची सरासरी शिल्लक लागते. वऱ्हाडात होतास तोवर फुकट जेवलास. वऱ्हाड गेलं, तू अजून पाटावरच."

"पण मामा, ते मला माहीत आहे! दर महिन्याच्या २८ तारखेला मी आठवणीने दहा हजार टाकतो. मोबाईलवर गजर लावलाय."

"आणि काढतोस कधी?"

"एक तारखेला. सकाळी."

मामांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. बँकेत असताना कॅश जुळली नाही की ते असंच करायचे, असं मामी सांगतात.

"अरे, सरासरी म्हणजे काय? रोजची रात्रीची शिल्लक घ्यायची, महिनाभराची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं. तू तीन दिवस दहा हजार ठेवतोस, म्हणजे तीस हजार. भागिले तीस. सरासरी एक हजार. वर्षभर वर्गाकडे फिरकायचं नाही, निरोप समारंभाला पहिल्या रांगेत बसायचं आणि सरांना म्हणायचं, पंच्याहत्तर टक्के हजेरी लावा!"

मी गप्प. मामांना चेव चढला.

"उलट बघ, एकच दिवस तीन लाख ठेवलेस आणि उरलेले एकोणतीस दिवस खडखडाट असला, तरी सरासरी दहा हजार भरते."

"तीन लाख असते तर मी तुमच्याकडे आलो असतो का?"

हे त्यांना पटलं. मग त्यांनी नियम सांगितला. शिल्लक कमी पडली तर बँकेने ग्राहकाला आधी कळवायचं, भरपाईला निदान महिनाभराची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणातच लावायचा, आणि निव्वळ या दंडापायी खातं उण्यात जाऊ द्यायचं नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०१५ पासून लागू आहे.

मी ताठ बसलो. "मला कुणीही काहीही कळवलेलं नाही!"

मामांनी माझा मोबाईल मागितला. अंगठ्याने बराच वेळ खाली-वर केलं. कुरिअरचे ओटीपी, दिवाळीची सूट आणि 'तुम्हाला पाच लाखांचं कर्ज मंजूर' यांच्या गर्दीत बँकेचे चौदा निरोप निघाले. चौदाही न उघडलेले.

"याचेच ना सतरा सत्तर देतोस?" मामा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या खात्याचा हिशेब मांडला. त्यात मी शहाण्यासारखे दहा हजार कायमचे ठेवले होते. बचत खात्यावर मोठ्या बँकांत सध्या अडीच टक्के व्याज मिळतं, म्हणजे वर्षाचे अडीचशे रुपये. त्यातून डेबिट कार्डाचे वार्षिक २०० आणि जीएसटी, मिळून २३६ गेले. एसएमएसचे ७० रुपये ८० पैसे गेले. म्हणजे दहा हजार रुपये वर्षभर दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून मी वर ५६ रुपये ८० पैसे मोजत होतो. "हे बेसिक बचत खातं करून घे," मामा म्हणाले. "त्याला किमान शिल्लक नाही, एटीएम कार्डाला वार्षिक फी नाही, महिन्यातून निदान चारदा पैसे फुकट काढता येतात. एवढंच की त्या बँकेत तुझं दुसरं बचत खातं नको." स्टेट बँकेने तर किमान शिल्लकेची अट मार्च २०२० मध्येच काढून टाकली होती, आणि २०२५ मध्ये कॅनरा आणि पंजाब नॅशनलनेही तीच वाट धरली, ही माहितीही त्यांनी पुरवली. मी त्या काळात काय करत होतो कोण जाणे. बहुधा २८ तारखेचा गजर बंद करत होतो.

मे महिन्याच्या शेवटी कापलेल्या ४३६ आणि २० रुपयांवर मात्र मला स्वतःलाच बोट ठेवता आलं. "ही तर उघड लूट आहे," मी म्हणालो. मामा म्हणाले, "तो विमा आहे. पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा. पहिला दोन लाखांचा आयुर्विमा, दुसरा दोन लाखांचा अपघाताचा. तूच सही केलीयेस. ते कापू दे." सगळ्या कागदांत एवढ्या दोनच कपाती माझ्या भल्याच्या निघाल्या, आणि नेमक्या त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला मी निघालो होतो.

एटीएमचं प्रकरण जरा नाजूक होतं. रिझर्व्ह बँकेच्या लेखी इथे महानगरं सहाच: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. पुणे नाही. वनाजहून मेट्रो सुटते, तरी नाही. हे ऐकून मामींनीसुद्धा स्वयंपाकघरातून "हैदराबाद?" असं विचारलं. पण मग मामांनी सांगितलं की दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात महिन्याला तीनच व्यवहार फुकट असतात आणि बाकीच्या गावांत पाच. त्या क्षणी पुणं हे मुळात कसब्याभोवतीचं एक लहानसं गाव आहे हे मला मनापासून पटलं. फुकटाचे संपले की १ मे २०२५ पासून पैसे काढायला प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत, म्हणजे जीएसटी धरून २७ रुपये १४ पैसे. आता माझी पद्धत अशी की आधी शिल्लक बघायची, मग पाचशे काढायचे, मग पाचशे खरंच गेले का म्हणून पुन्हा शिल्लक बघायची. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर हे तीन व्यवहार धरतात. आपल्याच बँकेच्या यंत्रावर शिल्लक कितीही वेळा बघा, ती या मोजणीत येत नाही. म्हणजे वहिमी माणसाने आपल्या बँकेशी तरी एकनिष्ठ राहावं.

उरलं पाचवं खातं, ट्रॉलीबॅगवालं. त्याच्या क्रेडिट कार्डाबद्दल मी मामांना अभिमानाने सांगितलं, "याची फी मी भरतच नाही. वर्षाला एक लाखाची खरेदी केली की ४९९ अधिक जीएसटी माफ." घरची मोदकपात्राची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. इथे सांगतो.

मार्चअखेरीला लक्षात आलं की लाखाला १,८४० रुपये कमी पडताहेत. वर्ष संपायला दोन दिवस. तुळशीबागेत गेलो आणि भांड्यांच्या दुकानात स्टीलचं मोठं मोदकपात्र पसंत केलं, १,९०० रुपयांचं. ऐन उन्हात मोदकपात्र मागणारं गिऱ्हाईक पाहून दुकानदारही जरा हलला. मी कार्ड पुढे केलं.

"कार्डाला दोन टक्के वर पडतील," तो म्हणाला. "यूपीआय करा की, फुकट आहे."

"नको, कार्डच."

"अहो, अडतीस रुपये जास्त जातील."

"जाऊ देत."

त्याने आतल्या मुलाला हाक मारली. मला वाटलं मशीन आणायला. तो म्हणाला, "बाळ, यांना पाणी दे."

घरी बायकोने पुडकं सोडलं. "५८८ रुपये ८२ पैसे वाचवायला १,९३८ घातलेस. घरात हे तिसरं मोदकपात्र." मी म्हटलं, रिवॉर्ड पॉइंट विसरू नकोस. ते खरंच जमले होते. शंभर रुपयांना एक, म्हणजे हजार पॉइंट. एका पॉइंटचे पंचवीस पैसे, म्हणजे अडीचशे रुपये. ते वटवायला ९९ रुपये फी अधिक जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. उरले १३३ रुपये १८ पैसे. त्यातून तुळशीबागेतले ३८ गेले. लाखभर रुपये उधळून माझी निव्वळ कमाई ९५ रुपये १८ पैसे झाली. (याच कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट खायला मिळतं म्हणून एकदा उपाशीपोटी तीन तास आधी लोहगावला गेलो होतो. 'मागच्या तिमाहीत खर्च कमी पडलाय सर,' असं दारातच कळलं. खात्री करायला म्हणून दोन रुपये कापले ते वेगळेच.)

मग खाती बंद करण्याची मोहीम निघाली. वर्ष उलटून गेलेलं खातं बंद करायला बऱ्याच बँका काही घेत नाहीत, असं मामांनी सांगितलं होतं. हिंजवडीला जाण्या-येण्याचं ते काही बोलले नव्हते. चांदणी चौकातून निघालेला मी शाखेत पोचलो तेव्हा टोकनचं यंत्र जेवायच्या सुट्टीकडे झुकलं होतं. काउंटरवरच्या मॅडमनी माझं कार्ड माझ्यासमोर कात्रीने कापलं आणि उरलेले चेक मागितले. अकरा निघाले. त्यातल्या एकाच्या पाठीवर लेकीने बालवाडीत असताना मांजर काढलं होतं. मॅडमनी त्यावर दोन तिरप्या रेघा मारून ते रद्द केलं.

लक्ष्मी रोडच्या बँकेत मामा स्वतः बरोबर आले. पासबुक वडिलांच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये मिळालं. प्रत्येक नोंदीपुढे वडिलांची पेन्सिलीची बारीक खूण. शेवटच्या खुणेनंतर खात्याला कुणी हातच लावला नव्हता. मामांनी पानं उलटली, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत.

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं. "दोन वर्षांच्या वर व्यवहार नाही, त्यामुळे खातं निष्क्रिय झालंय. केवायसीची कागदं द्या, चालू होईल. चार्ज काही नाही."

"घेताच येत नाही," मामा माझ्या कानात म्हणाले. "आणि निष्क्रिय खात्याला किमान शिल्लकेचा दंडही लावता येत नाही. एप्रिल २०२४ पासून."

पासबुक छपाईच्या यंत्रात गेलं आणि खरखरत बाहेर आलं. व्याज, व्याज, व्याज. माझ्या पाच खात्यांत वाढलेलं हे एकच, आणि याच्याकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं.

"मोबाईल नंबर जोडू ना?" मुलीने विचारलं. "प्रत्येक व्यवहाराचा मेसेज येईल."

मी आणि मामांनी एकदमच विचारलं, "कितीला?"

"तिमाहीला पंधरा रुपये. अधिक जीएसटी."

रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या आजोबांनी काठी बगलेत धरली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि कुणी न विचारताच सांगितलं, "सतरा सत्तर."