‘कागद कोरा सोडला की झाला’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतले प्राणी आणि चांदणं, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून लिहिलंत, आभार. “हल्ली कुणीही उठतं आणि कलासमीक्षक होतं” ही सुरुवात वाचून तिथेच थांबणार होतो. थांबलो नाही, ही माझी सभ्यता समजा.

आधी चूक कबूल. जपानी चित्रकार हिरोशिगेच्या ‘चंद्र आणि रानहंस’ या चित्राखाली मी बगळे लिहिलं होतं. ते तीन रानहंस आहेत. दुरुस्त केलंय.

आता आपलं वाक्य: “चंद्राचं कसलं कौतुक, कागद कोरा सोडला की झाला.” चंद्राच्या जागी कागद कोरा सोडतात, खरंय, पांढरा रंग तिथे नसतोच. पण हे “की झाला” कशाच्या जोरावर? आपण कधी एक तरी ठसा काढलाय? मी २२ वर्षं काढतोय.

आकाशाचा रंग छापायच्या लाकडी ठोकळ्यात चंद्राएवढा भाग खोल कोरून काढावा लागतो. खोली कमी पडली की ओलसर कागद बारेनच्या (बांबूच्या पातीत बांधलेली घासायची चकती) दाबाखाली मधोमध झोळतो आणि तळाशी साचलेला निळा रंग उचलतो. झाला चंद्रावर डाग. काठाला रंग साठला तर चंद्राला काजळाची कड येते, म्हणून कागद टेकवण्याआधी तो काठ पुसायचा. प्रत्येक प्रतीला, एकदाच नव्हे.

चंद्राभोवती विरत जाणारा अंधार, म्हणजे बोकाशी, तर लाकडात कोरलेलाच नसतो. ठोकळा तिथे ओल्या फडक्याने पुसायचा, ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग घ्यायचा आणि आडवा फिरवत विरवायचा. पाणी जास्त झालं तर रंग पसरतो, कमी झालं तर विरण्याऐवजी सरळ पट्टा उमटतो. तांदळाची खळ कमी पडली तर आकाशभर तिळासारखे ठिपके येतात. (काही छापणारे ते मुद्दाम आणतात, पण ते येणं आणि आणणं यात फरक आहे.) एकाच चित्राच्या दोन प्रतींत रात्र वेगळी दिसते ती यामुळे.

आणि ते हंस चंद्रासमोरूनच उडतात. छापताना कागद जरा वाळला की आक्रसतो; मग ठोकळ्यावरच्या खुणेच्या खाचा, केन्तो, कितीही नेमक्या असोत, पिसांचा रंग रेषेबाहेर सरकतो. गडद आकाशात असली चूक खपते. कोऱ्या कागदावर ती लपवायला जागा नसते.

आपल्या बाकीच्या हरकतींबद्दल थोडक्यात. चंद्रावरचा ससा शशजातकातून (बुद्धाच्या सशाच्या जन्माची कथा) जपानला गेला हे मलाही ठाऊक आहे. लेख छपाईवर होता. योशितोशी या चित्रकाराची १८८५ ते १८९२ मधली चंद्राची १०० चित्रं वगळली, कारण त्यांत बहुतेक माणसंच आहेत. “भाषा बोजड” यावर काय बोलणार? आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली, तेव्हा कुठे कळली.

पुढच्या वेळी हरकत जरूर घ्या. फक्त त्याआधी एखादी मूळ प्रत तिरप्या उजेडात धरून चंद्राचा काठ बघा.